शनिवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही

वन्सं, आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकते. शुक्रवार तुमचा होता. माणूस गेलं की त्याच्या चुका पोटात घालायच्या असतात, असं भेटायला येणारी प्रत्येक बाई मला सांगून जातेय. मी ऐकून घेते, मान हलवते, पाणी देते. पण शुक्रवार तुमचाच होता आणि तुम्ही तो शेवटपर्यंत कबूल केला नाहीत. सोमवारी दुपारी चहाचा कप हातात असताना गेलात, तेव्हासुद्धा नाही.

आपण नणंद-भावजय इतकी वर्षं एका घरात राहिलो. भांड्यांवरून भांडलो नाही, दागिन्यांवरून नाही, तुमच्या भावावरून तर मुळीच नाही. आपण भांडलो व्होल्टेजवरून. लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी इन्व्हर्टरची बोर्डं दुरुस्त करणारी. कामतघरच्या दोन खोल्यांत टेबल एकच, त्यामुळे पोळपाट आणि सोल्डरिंग गन शेजारी शेजारी. "मंजू, कणकेत शिसं पडेल हो," असं तुम्ही ओरडायचात आणि चष्मा पुसत पुन्हा बोर्डावरच वाकायचात. तुमचा भाऊ कशेळीच्या गोदामातून ड्युटी करून आला की आधी टेबलाकडे बघायचा, मग आपल्या तोंडांकडे, आणि खिचडी टाकायचा.

आपल्या बोर्डाबद्दल आता ज्याला त्याला सांगावं लागतंय, कारण तुमच्या दहाव्याआधीच मी काय काय केलं त्याची चर्चा सगळ्या नातेवाइकांत चालू आहे. म्हणून पुन्हा सांगते. अंबाडीच्या पुढे आत एका पाड्यावर शाळा आहे. तिथल्या भोईर बाई तुमच्या हाताखाली शिकलेल्या. पोरांनी आपापल्या गोष्टी आपल्या बोलीत सांगायच्या आणि त्या साठवून ठेवायच्या, ही कल्पना तुमची. इंटरनेट नको, मोठं यंत्र नको. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, एक माइक, एक स्पीकर. आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटाखाली बसणारा आपला बोर्ड. त्यात सेल, म्हणजे लाइट गेली तरी कॉम्प्युटर चालू राहावा. आणि त्यातच एसएसडीची पट्टी, म्हणजे साठवलेलं सगळं सुखरूप राहावं. लाइटवर असला की हिरवा दिवा, सेलवर गेला की नारिंगी, आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना एक बारीक बीप.

त्या बीपनेच घात केला. आपल्या भिंतीपलीकडे शब्बीरभाईंचा लूमचा, कापडाच्या मागांचा कारखाना. लूम चालू असताना आपल्याला एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं ती चिमणीएवढी बीप कुठली ऐकू येणार. तर तुम्ही म्हणालात, शुक्रवारी तपासू. शुक्रवारी सुट्टी, भिवंडीतले लूम बंद, सगळीकडे शांत. बीप स्पष्ट ऐकू येईल. मी म्हटलं, वन्सं, शुक्रवारची लाइट ही लाइट नाही, ते माहेरपण आहे. तुम्ही हसलात आणि ऐकलं नाहीत. शुक्रवारमागून शुक्रवार आपण प्लग काढायचो, हिरव्याचा नारिंगी व्हायचा, बीप व्हायची, प्लग लावायचो, पुन्हा हिरवा. कधी चुकलं नाही. चुकणार कसं? शुक्रवारी लूम लाइट ओढत नाहीत, व्होल्टेज सरळ रेषेत. आपण तो बोर्ड शाळेत बसवून आलो आणि पेढे खाल्ले.

पाड्यावर मात्र लाइट अशी शहाण्यासारखी जात नाही. ती आजारी पडल्यासारखी जाते. पंप चालू झाले की निम्मी होते, मग थोडी येते, परत बसते. बोर्डाला कळेना लाइट आहे की नाही. हिरवा, नारिंगी, हिरवा, नारिंगी असं त्याचं चाललं आणि त्या धावपळीत कॉम्प्युटर लिहिता लिहिता बंद पडून परत चालू होत राहिला. पट्टीवरचं सगळं गेलं. पोरांच्या सगळ्या गोष्टी गेल्या. भोईर बाईंचा फोन आला तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात ते आठवतंय का? "बोर्ड चुकला नाही मंजू, लाइट चुकली." धन्य आहे तुमची.

आपण दोघी परत गेलो तेव्हा ती जनी भेटली. तिने पहिल्या खेपेला ओढ्यातल्या चिंबोरीची गोष्ट सांगितली होती, बापाबरोबर खेकडे धरायला गेल्याची. सगळ्या पोरांत लांब गोष्ट तिची. तुम्ही तिच्यापुढे उकिडव्या बसून म्हणालात, "परत सांगशील ना गं?" तिने मान हलवली, नाही म्हणून. "येकदा सांगितली ना. ह्यो परत इसरंल." भोईर बाई तिला रागावायला लागल्या, तर तुम्ही त्यांनाच गप्प केलंत. आणि तिला म्हणालात, "या खेपेला नाही विसरणार. मी सांगते ना." तुम्ही कुणाला असा शब्द दिलेला मी पहिल्यांदा पाहिला. तुमचा भाऊ सांगतो, लहानपणीसुद्धा तुम्ही शपथ घ्यायचा नाहीत, म्हणायचात, बोलले ना, मग झालं.

मग दुसरा बोर्ड. त्यातली अक्कल तुमची, ते मी कुठेही सांगेन. लाइट आली की बोर्डाने लगेच तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. थोडा वेळ सेलवरच राहायचं, ती टिकते का बघायचं, आणि मग हिरवा. "पाहुणा आला म्हणून लगेच पाटावर बसवायचा नाही," तुम्ही म्हणालात. "आलेलं स्थळसुद्धा मी दारात उभं करून बघत होते." मी म्हटलं, म्हणून राहिलात बिनलग्नाच्या. तुम्हाला इतकं हसू आलं की हातातला पाना खाली पडला. तुमच्यासमोर हा विषय काढायची हिंमत या घरात कुणाची नव्हती. माझी होती, आणि तुम्ही ती खपवून घ्यायचात, याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. आता बोलतेय.

दुसरं भांडण त्यानंतरचं. लाइट गेल्यावर सेल किती उतरला की कॉम्प्युटरने आवरून बंद व्हायचं? मी म्हणत होते, अगदी तळाशी आल्यावर. शाळेत अर्धा अर्धा दिवस लाइट नसते, पोरांना बोलू दे. तुम्ही म्हणत होतात, तिसरा हिस्सा शिल्लक असतानाच. सगळं लिहून, सगळ्या फायली मिटून, नीट बंद. "दम आहे तोवर आवरावं मंजू. दम संपल्यावर कोण आवरतं?" मी म्हटलं, ही म्हाताऱ्यांची अक्कल आहे. तुम्ही म्हणालात, म्हातारीचीच आहे. आणि गुपचूप तुमचाच आकडा घालून ठेवलात. मी बदलला. तुम्ही परत घातलात. सोमवारी सकाळी त्यात तुमचाच होता.

सोमवारी सकाळी तुम्ही शेवटची चाचणी लावली. या वेळी शुक्रवार नाही, अख्खा आठवडा. शुक्रवारची शांतता आणि शनिवारी सकाळी सगळे लूम परत चालू होताना बसणारा झटका, दोन्ही त्यात यायला हवं होतं. बोर्डाला सतत काहीतरी लिहायला हवं म्हणून माइक चालू ठेवलात, घरातला आवाज दिवसभर पट्टीवर जात राहील असा. आणि सगळ्यांना दम भरलात, "चालू झालं. शनिवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

त्याच दुपारी, बशीत चहा ओतता ओतता, तुम्ही टेबलाकडे बघत म्हणालात, "मंजू, तो हिरवा" आणि थांबलात. मी गॅसपाशी होते. मला वाटलं, पुढचं वाक्य जुळवताय.

आवरून जावं म्हणे. इतक्या वेळा मला ऐकवलंत. आणि स्वतः काय केलंत? अर्ध्या वाक्यात गेलात. ना काही आवरलं, ना काही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. तुम्हाला नसेल कळलं, मला कळलं ना. तिसरा हिस्सा नाही, त्याहून किती तरी जास्त शिल्लक होतं तुमच्यात. मला राग आलाय वन्सं, आणि तो जाईल असं कुणी सांगू नये.

संध्याकाळपर्यंत घर भरलं. शब्बीरभाईंनी न सांगता लूम बंद केले आणि कारखान्यातली माणसं दाराबाहेर उभी राहिली. आम्ही बायका आतल्या खोलीत तुम्हाला आंघोळ घालत होतो. तुमचे केस माझ्या हातात होते, आणि त्या शांततेत बाहेरून बीप ऐकू आली. बायकांना वाटलं, कुणाचा तरी फोन. मला कळलं. कुणीतरी प्लग काढला होता. मी केस सोडून उठणार होते, खरं सांगते. मग वाटलं, उठले तरी तुम्ही चिडाल, नाही उठले तरी चिडाल. राहिले बसून आणि नीट वेणी घातली. म्हटलं, धावू दे सेलवर. बघू या कोणाचा आकडा बरोबर.

तुम्हाला पोचवून माणसं परतल्यावर टेबलाशी गेले, तर तिथं बंडूभावजींचा मोबाइल चार्जिंगला लावलेला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, घरात दुसरा प्लग दिसला नाही का? ते बिचारे मान खाली घालून उभे. काकू सासूबाई दिव्यापाशी बसल्या होत्या, तिथून म्हणाल्या, "अगं नणंद जाऊन घटका झाली नाही आणि जळ्ळं मेलं ते यंत्र काय घेऊन बसलीस. सुतकात कसलं काम? बंद करून टाक ते." मी म्हटलं, "काकू, सुतक मला आहे, बॅटरीला नाही." मी थांबले नाही. म्हटलं, "तुम्ही दहा दिवस तो दिवा शांत होऊ देणार नाही ना? मग हाही होणार नाही. हा त्यांनी स्वतःच्या हाताने लावलाय."

तोवर बोर्ड बंद झाला होता. तिसरा हिस्सा ठेवून, सगळं लिहून, आवरून. तुमच्या आकड्याप्रमाणे. मी मोबाइल काढून प्लग लावला. बोर्डाने लाइट दारात थोडा वेळ उभी केली, मग हिरवा दिवा लावला आणि कॉम्प्युटर आपोआप सुरू होऊन पुढचं लिहायला लागला. मग मी बसून रडले. सगळ्यांना बरं वाटलं, सून शेवटी रडली म्हणून.

मंगळवारी भोईर बाई फोनवर म्हणाल्या, ताई, या दिवसांत विचारू नये, पण जनीचे आईबाप रविवारी वीटभट्टीवर निघतायत, पोरीला घेऊन. दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो, ते तुम्हाला माहीतच होतं. भट्टीवर गेलेली पोरं पावसाच्या तोंडाशी परततात, आणि परतली तरी शाळेत येतातच असं नाही. बाई म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, शनिवारी येते.

घरात कळल्यावर पुन्हा तेच. तेराव्याआधी उंबरा ओलांडायचा नाही, दुसऱ्याच्या दारात जायचं नाही. तुमचा भाऊ शुक्रवारी स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आला. काकूंनी बघितलं आणि तोंड फिरवलं. पण एक सांगू? त्या दिव्यात तेल घालायला उठल्या की जाताना आपल्या बोर्डाकडेही बघायच्या. गुरुवारी दुपारी मला हाक मारून म्हणाल्या, "तुझा नारिंगी झालाय गं." लाइट गेली होती. मी म्हटलं, होऊ द्या, व्हायलाच हवा. "बरं," म्हणाल्या, आणि पुन्हा वात सारखी करत बसल्या.

शनिवारी सकाळी लूम सुरू व्हायच्या वेळेला शब्बीरभाई दारात आले. हळू आवाजात म्हणाले, "भाभी, घर में गमी है. आज भी बंद रख लूँ क्या?" भला माणूस. दुसरा कुठला शनिवार असता तर मी हात जोडले असते. मी म्हटलं, "नाही भाई, चालू करा. आणि एकेक करून नका करू. सगळे एकदम करा." ते माझ्याकडे बघतच राहिले. "सब एक साथ? लोड आएगा, भाभी." मी म्हटलं, "येऊ द्या. त्याचीच वाट बघतेय."

वन्सं, काय झटका बसला. भिंत हादरली, आपला बल्ब मिणमिणला, पंखा रेंगाळला. हिरवा गेला, नारिंगी आला. बीप ऐकू आली नाही, येणारच नव्हती, मी डोळे लावून बसले होते. बल्ब वर-खाली होत होता, लाइट येत होती, जात होती, आणि नारिंगी हलला नाही. लाइट दारात उभी राहिली, नाक घासत राहिली. पार स्थिरावल्यावर हिरवा लागला. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मी पट्टी तपासली, सगळं जागच्या जागी. काकू माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. "झालं का तिच्या मनासारखं?" म्हणाल्या. मी म्हटलं, झालं.

मग पुढचं काम. चाचणीचं सगळं पुसून यंत्र कोरं करून द्यायचं, हा तुमचाच नियम. पण माइक सोमवारपासून चालू होता. सोमवारची दुपार त्यात होती. तुमचं ते अर्धं वाक्य होतं, कप पडल्याचा आवाज असेल, माझी किंकाळी असेल, काकू असतील, शुक्रवारची शांतता असेल. तुमच्या आकड्याने सगळं आवरून ठेवलं होतं. माझ्या आकड्याने कदाचित राहिलं असतं, कदाचित नसतं. तिसरा हिस्सा तुमचा, वन्सं. तो मी आता बदलत नाही. पण तुमचा नियम मोडला. ते सगळं घरी उतरवून ठेवलंय. ऐकलेलं नाही, माझी छाती नाही. शाळेच्या यंत्रात फक्त सोमवार सकाळचा पहिला तुकडा राहू दिला. का, ते मला विचारू नका.

तुमच्या भावाच्या मागे बसून अंबाडीला गेले, बोर्डाचा डबा मांडीवर घेऊन. शाळा सुटायच्या बेतात होती. भोईर बाईंनी टेबल मोकळं करून ठेवलं होतं आणि जनीला थांबवून. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी, नवा फ्रॉक घातलेला, निघायच्या तयारीत असल्यासारखी. मी यंत्र लावलं. ती जवळ आली, पण बोलेना. तिचं लक्ष प्लगवर.

"ती मोठी बाई न्हाय आली?" तिने विचारलं.

भोईर बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "ती वारली गं. सोमवारी."

जनीने यंत्राकडे बोट केलं. "ह्याच्यात हाय का ती?"

"आहे."

"ऐकव."

वन्सं, मी ते ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तिच्यासाठी लावलं. स्पीकर खरखरला, मागे पातेल्याचा आवाज, आणि मग तुम्ही, खणखणीत, वर्गात बोलायचात तशा: "चालू झालं. शनिवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

जनीचा हात प्लगपाशी गेला होता. तिने तो झटकन मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला. भोईर बाई तोंडावर पदर धरून खिडकीकडे वळल्या. तुमचा भाऊ बाहेर निघून गेला. मी तिथंच उभी राहिले, कारण कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

"न्हाय इसरला," जनी म्हणाली, स्वतःशीच. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "आज शनवार हाय ना?"

"हाय," मी म्हटलं.

तिने प्लग उपटला. बीप झाली, नारिंगी दिवा लागला. तिने दिव्याकडे बारीक डोळ्यांनी बघितलं, जरा थांबून आणखी एकदा बघितलं, आणि माइक तोंडाशी ओढला. "आमच्या वढ्यात ना, मोठ्या धोंड्याखाली येक चिंबोरी हाय. बा बोलला, हात नको घालू. मी घातला."

गोष्ट लांबत चालली. बाहेर तिच्या आईची हाक आली, एकदा, मग परत. मला वाटलं, किती वेळ सेलवर ठेवायचं, आणि प्लग परत लावायला गेले. जनीने बोलणं न थांबवता माझ्या हातावर चापट मारली, मग माइकवर पंजा ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "संपू दे आधी."